पडद्यावर ओनोमे नाचते

‘मेली’ हा शब्द या घरात उच्चारायचा नाही, सिस्टर इदारा म्हणाली. प्रभूकडे गेली म्हणा, विसावली म्हणा. मेली म्हटलं की सैतानाचं फावतं.

“पण मेलीच की ती,” ममा ओनोमे म्हणाली. आईला इथं लेकराच्याच नावानं हाक मारत, म्हणून ओनोमेची आई ती ममा ओनोमे.

चर्चच्या मंचामागच्या थंडगार खोलीत ती प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. डोक्याला काळं फडकं. ते तरी सोडा, कॅमेऱ्यात वाईट दिसतं, असं सिस्टरनं दोनदा सांगून झालं होतं. भिंतीपलीकडे वॉरी शहरातली निम्मी वस्ती टाळ्या पिटत गात होती.

ममाचं मागणं एवढंच होतं: माझ्या लेकीचा तो व्हिडिओ दाखवायचा थांबवा. सिस्टरनं गोड आवाजात समजावलं की साक्ष एकदा दिली की ती मंडळीची होते. त्या व्हिडिओनं किती जीव प्रभूकडे वळलेत, ममांना ठाऊक तरी आहे का?

ममाला ठाऊक होतं. म्हणून तर ती आली होती.

गेल्या वर्षी याच मंचावर बिशप उमुकोरोंनी ओनोमेच्या डोक्यावर हात ठेवला. सिकलसेलची पोर, काडीसारखी. ती पडली, उठली, गोळ्यांची बाटली मंचाखालच्या पिंपात भिरकावून दिली आणि नाचली. आईनं माईक हातात घेऊन सांगितलं, माझी मुलगी बरी झाली. झाली नव्हती. पण इथली रीतच तशी. आधी बरं झालो म्हणायचं, मग बरं व्हायचं. तोंडानं म्हटलं की अंगात उतरतं. सगळे म्हणतात, तीही म्हणाली. त्या दिवसापासून घरात गोळी आली नाही. डिसेंबरची धूळ उडायला लागली तेव्हा पोर गेली.

त्यांच्यात आईनं लेकराच्या मातीला जायचं नसतं. काकांनी नेलं, पुरलं, हात धुऊन आले. कुठं पुरलं तेही ममाला कुणी सांगितलं नाही. तिला लेक दिसायची ती इथंच, दर रविवारी, घराएवढ्या पडद्यावर नाचताना. आणि ती नाचली की खाली बसलेली माणसं पिशवीतली औषधं चाचपायला लागायची.

दार उघडलं. आधी दोन अंगरक्षक, मग अत्तराचा वास, मग डॅडी. सत्तरीचे म्हातारेसुद्धा बिशपना डॅडीच म्हणत. पांढरा सूट, पांढरे बूट, सोन्याच्या काड्यांचा चष्मा. यांचं चर्च टायरवाल्याच्या पत्र्याखाली भरायचं, तेव्हा हे ममाच्या टपरीवर पामच्या फळांचं बंगा सूप दोनदा मागून घ्यायचे. आता त्यांची दोन विमानं होती.

डॅडींनी तिचा हात हातात घेतला. सिस्टरनं त्यांना सगळं सांगितलं असावं.

“ममा, पोर बरी झाली होती,” ते हळू म्हणाले. “देवानं दिलेलं देव परत घेत नाही. घरात कुणाचा विश्वास डळमळला?”

“ती दुखण्यानं उशी चावत होती, डॅडी.”

“मग?”

“मग मी दवाखान्यात नेलं.”

डॅडींनी मान हलवली. चूक सापडलेल्या मास्तरासारखी. “तिथंच घालवलंत तुम्ही तिला.”

ममाला हे वाक्य नवं नव्हतं. डिसेंबरपासून ती अंथरुणावर पडल्या पडल्या हेच स्वतःला ऐकवत होती. त्यांच्या तोंडून आलं तेव्हा मात्र ते तिला पहिल्यांदा खोटं वाटलं.

तिनं हात सोडवून घेतला.

“तुमचा चष्मा नाही टाकलात कधी, डॅडी?”

एक अंगरक्षक पुढे सरकला. सिस्टर जमिनीकडे बघू लागली. डॅडींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. ममा थकल्यात, असं ते सिस्टरला म्हणाले. त्यांना काहीतरी खायला द्या, घरी तांदळाचं पोतं पाठवा. आणि ते मंचावर गेले. बाहेर एकच गजर उसळला.

पोतं. ममाला हसू आलं. तेही कडू.

ती उठली. सिस्टरला वाटलं, निघाली घरी. तिनं हायसं वाटून दारही उघडून दिलं. ममा उजवीकडे रस्त्याला वळायच्या ऐवजी डावीकडे वळली, थेट गर्दीत. काळं फडकं, ताठ मान, नजर समोर. लोकांना वाटलं, बाई आत्म्यानं भारली. ते हालेलूया म्हणत दोन्ही बाजूंना सरकले.

वर पडद्यावर ओनोमे उभी राहिली. पडली. उठली.

मंचाच्या पायथ्याशी तेच निळं पिंप ठेवलं होतं आणि त्याच्यापुढे रांग लागली होती. कुणाच्या हातात चष्मा, कुणाच्या काखेत कुबडी. सगळ्यात पुढे एक पोटुशी बाई, मुठीत रक्तदाबाच्या गोळ्या, डोळे पडद्यावर. ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, मी बरी झाले, मी बरी झाले.

ममानं तिला कोपरानं बाजूला सारलं, लुगड्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र सावरलं आणि ती पिंपाच्या तोंडावर जाऊन बसली. भरभक्कम बाई, पिंपाचं तोंड पार झाकलं.

वरून डॅडी अजून बोलत होते. निळ्या कोटातला एक सेवक धावत आला. आधी त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करून पाहिली. मग दंडाला धरून ओढून पाहिलं. ती हलेना. शेवटी तो तिच्या कानाशी वाकला.

“ममा, उठा ना. माणसं खोळंबलीत.”

“खोळंबू दे,” ममा म्हणाली.