करपलेली साल

हुइरोंगने बसचालकाचा गणवेशही बदलला नाही. दिवसभर स्टिअरिंग धरून खांदे भरून आले होते. नवऱ्याची चाकाची खुर्ची तिने स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली आणि बीफच्या पातळ पट्ट्या कापायला घेतल्या.

देमिंग बघत होता. झीगोंग शहराच्या बाजारातल्या खानावळीत त्याने जन्मभर हाच पदार्थ रांधला होता. संत्र्याच्या वाळवलेल्या सालीत परतलेलं कुरकुरीत बीफ. हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचाही गेली.

"तुम्ही बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "एक दिवस तेही बोलतील."

तेव्हापासून हुइरोंग रोज बोलायची. बसमधली भांडणं, शेजारणीची नवी सून, महागलेला लसूण. विचारायचंही तिनेच आणि सांगायचंही तिनेच.

आज कापता कापता तिचा हात थांबला.

"देमिंग, आज मला नाही रे बोलवत. जीव शिणलाय. आज मला गप्प राहू दे."

आणि ती खरंच गप्प झाली. पट्ट्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवल्या, तळल्या, झाऱ्याने उपसल्या. तेल आणखी कडकडीत तापवून पुन्हा तळल्या. मग थोडंसं तेल कढईत ठेवून त्यात सुक्या मिरच्या, तिरफळं आणि भिजवलेली साल टाकली, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे आपोआप मिटले.

"आच!"

तिला वाटलं, शेजारचं कुणीतरी ओरडलं. ती वळली. देमिंगची मान ताणली होती. ओठ एका बाजूला ओढले गेले होते.

"आच... कमी... कर गं!"

तिने झटकन गॅस कमी केला. साल काळी पडली होती. घरभर धूर झाला होता, म्हणून तिने बाहीने डोळे पुसले. पुन्हा पुन्हा पुसले.

नवी साल भिजवायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिने त्याच कढईत बीफ टाकलं. वरून सोया सॉस, साखर, थोडं व्हिनेगर. दोनदा परतलं आणि वाडगं घेऊन ती त्याच्या पायाशी जमिनीवरच बसली. जेवायच्या काड्यांनी एक पट्टी उचलून तिने त्याच्या तोंडात दिली.

तो बराच वेळ चावत राहिला. तिची नजर त्याच्या तोंडावरून हलेना.

"कसं झालंय?"

देमिंगने घास गिळला. कपाळावर आठ्या पडल्या, अगदी खानावळीत पोऱ्यांवर खेकसायच्या आधी पडायच्या तशा.

"कडू," तो म्हणाला.

आणि पुढच्या घासासाठी त्याने तोंड उघडलं.