वारुळातली राणी

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत खुशालरावांनी वारूळ खणून वाळवीची राणी काढली आणि चपलेखाली चिरडली.

शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची सून दामिनी म्हणाली, "मामाजी, राणी मेली का वारुळातलीच दुसरी वाढून राणी होते. बाकीचे तिले भरवत रायतात."

"होऊ दे," ते हसले.

दुसऱ्या दिवसापासून दामिनी पलंगावरून उठली नाही. पोट वाढत गेलं. डॉक्टर म्हणाले, दिवस गेलेले नाहीत.

आज दुपारी खुशालराव बागेतून परतले. मुलगा किशोर दामिनीला घास भरवत होता. त्याच्यामागे वाट्या घेऊन शेजारीपाजारी, थेट रस्त्यापर्यंत रांगेत.

"काहून उभे राहिले रे सारे?"

कुणी वळलं नाही.

खुशालरावांनी खाली पाहिलं. ते रांगेतच उभे होते, हातात सोललेलं संत्रं घेऊन.