दुधाचा मामा

"प्रभूनं सगळं केलं असंल, मी कुठं न्हाई म्हणते," साखराबाई म्हणाली, "पण दूध जैतुननं पाजलं. ते लिव्ह."

बद्रीनाथ मास्तरांचं पेन थांबलं. त्यांनी समोर बसलेल्या सटव्याकडं बघितलं. सटवा म्हणजे साखराबाईचा थोरला, आता लोकांचा ब्रदर सायमन. गेवराईला मांडव घालून प्रवचन करतो, मोबाइलवर लाखभर माणसं ऐकतात. येशूबद्दल दहा मिनिटं आणि इस्लामविरुद्ध पन्नास मिनिटं, अशी त्याची रीत. दोनदा पोलिसांत तक्रार झाली, तरी गडी हटत नाही. आता त्याच्या मंडळींना त्याच्या आयुष्याचं पुस्तक काढायचं होतं. जन्माची हकिकत आईच्याच तोंडून पाहिजे म्हणून मास्तर वही घेऊन त्याच्याबरोबर माजलगावजवळच्या या गावात आले होते.

प्रवचनात सटवा दरवेळी सांगायचा, की मी बाहत्तरच्या दुष्काळात उसाच्या फडात जन्मलो, आई तापानं फणफणलेली, जवळ कुणी नव्हतं, प्रभूनंच जगवलं. ऐकणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. बाकी सगळं खरंच होतं. फक्त शेजारची झोपडी त्यानं गाळली होती.

त्या झोपडीत जैतुनबी होती. ती आणि तिचा नवराही त्याच टोळीत ऊस तोडायला आलेले. तिची नसीमा तेव्हा दोन महिन्यांची. साखराबाईला दूध उतरेना, तेव्हा जैतुनबीनं एका अंगाला नसीमा घेतली आणि एका अंगाला सटवा, ते थेट कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत. दोघांना पाजायचं, उठायचं आणि पुन्हा मोळ्या डोक्यावर घ्यायच्या. हे सांगताना साखराबाई दरवेळी रडते, तशी आजही रडली.

"आई, ते वेगळं," सटवा म्हणाला. "ते पुस्तकात बसत नाही."

"कावून बसत न्हाई? तू बरा बसलास तिच्या मांडीवर."

मास्तरांनी वहीत डोकं घातलं. तेवढ्यात दारात जैतुनबीच उभी राहिली. सटवा आल्याचं तिला कळलं होतं. साखराबाईनं चारदा ये म्हटलं तरी ती आत आली नाही, ओसरीवरच टेकली. सटव्याच्या तोंडाकडं मात्र ती टक लावून बघत होती.

शुक्रवारी नसीमाच्या लेकीचं, तबस्सुमचं लग्न होतं. यंदा पाऊस नाही, त्यामुळं ऊस नाही, सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. एरवी जानेवारीत सगळे ऊसतोडीला गेल्यानं ओस पडणारं गाव यंदा भरलेलं, म्हणून लग्नही आत्ताच धरलेलं. त्यांच्यात निघताना नवरीला तिच्या मामानं उचलून गाडीत बसवायचं असतं. परक्या पुरुषाचा हात तिला लागलेला चालत नाही. आणि नसीमाला सख्खा भाऊ नाही. उरला एक दुधाचा भाऊ, सटवा.

"येशील ना?" जैतुनबीनं विचारलं.

उत्तर मास्तरांनीच दिलं. सगळं गाव घरी आहे, लोक फोटो काढतील, ते फोटो रात्रीत गेवराईला पोचतील, आणि मग मांडवात ब्रदरांना कोण काय विचारील याचा नेम नाही, असं ते हळू आवाजात समजावत राहिले. त्यात चूक काहीच नव्हती. सटवा चटईच्या काड्या मोजल्यासारखा खाली बघत होता.

"तुझी माणसं तरी मला उभं करतील का, जैतुनमाय?" तो शेवटी म्हणाला.

जैतुनबीनं काही लपवलं नाही. नसीमाच्या दिरांनी विरोध केला होता. तो माणूस आपल्या दारात नको, म्हणाले होते. मग ही म्हातारी काठी टेकत सरळ मशिदीत मौलानांकडं गेली होती.

"मौलाना म्हणले, पाजलं तर लेकच. लेक काय बी बरळला तरी दुधाचं नातं तुटत न्हाई. मग बसले सगळे गप."

सटव्यानं चटईवरची नजर वर केली.

"मी काय बोलतो, ते ऐकलंस का तू?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. नसीमानं लावून दिलं." जैतुनबीनं काठी बाजूला ठेवली. "लई वाईट वाटलं रे. दोन दिस घास उतरला न्हाई. मग मनाशी म्हणलं, ल्हान होता तवा बी हा असाच बोंबलायचा. पाजल्याबिगर गप बसत नव्हता."

साखराबाईला रडता रडता हसू फुटलं. मास्तरांनाही आवरेना, त्यांनी वही तोंडापुढं धरली. सटवा हसला नाही. त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि बाहीनं डोळे पुसले.

"ब्रदर," मास्तरांनी विचारलं, "मग काय लिहू?"

"थांबा जरा."

तो उठून ओसरीवर आला आणि जैतुनबीशेजारी बसला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"नवरी अंगानं कशी हाय?" त्यानं विचारलं. गावची बोली किती वर्षांनी त्याच्या तोंडात आली होती. "माझी कंबर धरती आजकाल."

"ठाव हाय मला," जैतुनबी म्हणाली. "दोन महिने झाले, तिची एक भाकर कमी केलीय."