ओला पाला

एल्व्हिनाने रानचेरीची तिसरी डहाळी मोडली, तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी गाडी येऊन थांबली. दार आपटलेलं तिने ऐकलं, पण मागे वळून पाहिलं नाही.

"मावशी, खाली ठेव ते."

"आधी कशी आहेस ते तरी विचार. खाकी चढवली की आईने शिकवलेलं विसरायला होतं का?"

ट्रेंट तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. या राखीव रानात रेंजर म्हणून लागून त्याला चार महिने झाले होते. टोपी काढून तो जवळ आला.

"कौन्सिलमध्ये फोन आला होता. एक बाई वाटेवरच्या ब्राँझच्या शिल्पाजवळची झाडं तोडतेय म्हणून. फोटोसुद्धा पाठवलाय. साहेबांनीच दाखवला मला."

"बरा आलाय का?"

"पाठमोरी आहेस."

"मग मीच कशावरून?"

"असला स्वेटर गावात दुसऱ्या कुणाकडे आहे?"

एल्व्हिना हसली नाही. सोमवारी तिचा भाऊ राहत्या घरात वारला. तेव्हापासून त्याची बायको, मुली, नातवंडं इथल्या जुलैच्या ऐन हिवाळ्यात अंगणात ताडपत्रीखाली झोपत होती. सर्वांत धाकटी नात खोकून बेजार झाली होती. पण गेलेल्याला वाट मोकळी व्हावी लागते. घराला धुरी दिल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नसतं. आणि धुरीला रानचेरीचाच पाला लागतो. एके काळी ही झाडं पार मरे नदीपर्यंत होती. तिथे घरं उठली. उरली तेवढी कौन्सिलने कुंपणात घेतली आणि मधून फिरायला वाट काढली.

"खाली पडलेला ने," ट्रेंट म्हणाला. "त्याला कोणी काही म्हणणार नाही."

"वाळल्या पाल्याचा जाळ होतो, धूर होत नाही. हेही मी सांगू तुला?"

"मग अर्ज भर. सांस्कृतिक वापर असा रकाना आहे त्यात. दहा दिवसांत उत्तर येतं."

"उद्या पुरायचंय त्याला. सांग तुझ्या मामाला, दहा दिवस दारातच थांब म्हणावं, साहेबांची सही व्हायचीय."

ट्रेंटने वाटेकडे पाहिलं.

वाटेच्या वळणावर जेवणाच्या टेबलाएवढी ब्राँझची परात होती. तिच्यात ब्राँझचीच पानं रचलेली आणि वर पोलादी पट्ट्यांचा धूर. शिल्पकार तीन संध्याकाळी एल्व्हिनाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता. पाला कुठला, रचायचा कसा, सगळं त्याने वहीत उतरून घेतलं होतं आणि एकही पान चुकवलं नव्हतं. खालच्या पाटीवर लिहिलं होतं : या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या जिवंत संस्कृतीला वंदन. कुत्रा घेऊन आलेली एक बाई त्या पाटीचा फोटो काढत होती.

"उद्घाटनाला पाला कोणी तोडला होता?" एल्व्हिनाने विचारलं.

"मीच."

"किती?"

"ट्रेलरभर."

"काही उरला होता?"

"अर्ध्याच्या वर. टाकून दिला." तो खाली बघत म्हणाला, "तो कार्यक्रम होता, मावशी."

"बघितला ना. महापौर तीनदा धुरातून चालले. पहिल्या दोन वेळा फोटो हुकला म्हणून."

कुत्रेवाल्या बाईने आता फोन या दोघांकडे वळवला होता. ट्रेंटने हात पुढे केला. एल्व्हिनाने डहाळ्या छातीशी धरल्या.

"अजून दोन महिने कच्ची नोकरी आहे माझी," तो हळूच म्हणाला. "आईच्या घराचं भाडं मीच भरतो. तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. मग तिने डहाळ्या त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने त्या कौन्सिलच्या पिशवीत घातल्या, गाठ मारली आणि खिशातून पेन काढलं.

"उद्यासाठी मामाचा सूट लागेल," ती म्हणाली. "आतल्या खोलीत कपाटाच्या दाराला टांगलाय. तुझ्या मामीला अंगणातून खिडकीत तो दिसतो, पण आणणार कोण? जाता जाता तू आत जा आणि तेवढा काढून दे."

ट्रेंट पिशवीवर तारीख लिहीत होता. त्याचं पेन थांबलं.

"धुरीच्या आधी?" तो म्हणाला. "मी नाही जाणार आत, मावशी."