सातशे बारावा आकडा

"त्या दिवशी तुम्ही प्यायला होतात का, मिस्टर हॉइट?"

एमरीनं विचारून टाकलं. कुंपणापलीकडे तिच्या मैत्रिणी मारिसोल आणि डेस्टिन तोंड दाबून उभ्या होत्या. "विचारून दाखव, नाहीतर वर्षभर माझं दप्तर उचल," अशी मारिसोलची पैज होती. आणि गेल्याच महिन्यात शाळेच्या वादविवादात पहिली आलेली एमरी प्रूइट आता कुणाच्या बापाला घाबरत नव्हती.

हॉइट टीग गवत कापायच्या यंत्राचं पातं घासत होते. कानस थांबली.

"नाही," ते म्हणाले. "प्यायलेला असतो तर बरं झालं असतं. बाटलीवर ढकलता आलं असतं."

कुंपणापलीकडचं हसू विरलं. दोघी हळूच पसार झाल्या. एमरीच्या हातात मक्याच्या पावाचं गरम भांडं होतं, त्यामुळे तिला पळताही येईना.

गालिच्यांच्या गिरण्यांच्या डाल्टन गावात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. सोळा वर्षांपूर्वी एका मोठ्या हॉटेलचा गालिचा गिरणीतून निघाला तो मधोमध बिनदोऱ्याची टकली रेघ घेऊन. सगळा माल वाया गेला. पाळी संपताना यंत्र तपासून द्यायचं काम हॉइटचं. त्यांना काढलं, आणि नंतर गावातल्या एकाही गिरणीनं दारात उभं केलं नाही.

त्यांच्यानंतरची पाळी एमरीच्या डॅडींची, डॉयल प्रूइट यांची. "मी यंत्र हातात घेतलं तेव्हाच रेघ पडत असणार," इतकंच ते साहेबांना म्हणाले होते, तेही मान खाली घालून. पण हॉइटना त्यांनी कधी टाकलं नाही. दर शनिवारी त्यांच्या अंगणातलं गवत कापून द्यायचे, पाव पाठवायचे. "मनाचा मोठा माणूस," चर्चमध्ये लोक म्हणायचे, तेव्हा एमरीची छाती फुगायची.

"माफ करा," ती पुटपुटली. "पैज होती."

"मग जिंकलीस की! बस." हॉइटनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात बोटाएवढा एक चपटा पोलादी आकडा होता, पक्ष्याच्या चोचीसारखा. "हे काय, माहितीय?"

"गिरणीतलं काहीतरी."

"गिरणीवाल्याची पोर ना तू? ऐक. बाराशे सुया दोरा घेऊन कापडातून खाली येतात. खाली प्रत्येकीसाठी असा एक आकडा. सुई वर गेली तरी हा दोरा धरून ठेवतो. तोच फास. गालिचा म्हणजे नुसते फास, पोरी. एका आकड्याचं टोक उडालं की त्याची ओळ रिकामी."

"आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"मी बघायचो नाही, चाचपायचो. अंगठ्यानं, बाराशेच्या बाराशे. एकोणतीस वर्षं." त्यांनी अंगठ्याकडे बघितलं. "सातशे बारावा चुकला असणार. अजून झोप आली नाही की मोजत बसतो. सातशे अकरापर्यंत सगळे नीट लागतात."

तेवढ्यात एक मांजरीचं पिल्लू तिच्या बुटाशी आलं. तिनं उचलून गालाला लावलं.

"घेऊन जा," हॉइट म्हणाले.

"मॉम ओरडेल. आमच्या बैठकीतला गालिचा मागून कच्चा आहे, रबर न लावलेला. एक नख अडकलं की अख्खी ओळ उसवते."

"कच्चा?"

"हो. मी जन्मल्यापासून आहे."

हॉइट बराच वेळ पिल्लाचा कान खाजवत राहिले.

"कच्चा माल सहसा बाहेर जात नाही," ते म्हणाले. "असेल एखादा तुकडा."

"मग कुणाच्या पाळीत रेघ पडली, हे कळायची काही सोय नव्हती?" वादविवादवाली एमरी जागी झाली.

"होती ना. पाळी बदलताना कापडाच्या काठाला मागून खूण करायची. बाकीचे नावाची अक्षरं काढायचे, मी मासा काढायचो. शेपटीमागचं माझं, तोंडापुढचं पुढच्याचं. पण त्या गालिच्याचा खुणेचा तुकडा सापडलाच नाही. जाऊ दे. अठरा मार्चला जे झालं ते झालं."

"अठरा मार्च? माझा वाढदिवस!"

"माहितीय," हॉइट म्हणाले, आणि पुन्हा कानस उचलली. "डॅडींना म्हणावं, पाव छान झालाय." पावाला त्यांनी हातही लावला नव्हता.

जेवताना एमरी पुन्हापुन्हा बैठकीतल्या गालिच्याकडे बघत होती.

"हॉइट काही बोलला का?" डॅडींनी विचारलं.

"पाव छान झाला म्हणाले. डॅडी, मी जन्मले ती गोष्ट सांगा ना."

डॅडी खुलले. "किती वेळा? संध्याकाळी पाचच्या ठोक्याला आलीस. नर्सनं आधी माझ्याच हातात दिलं. इतकी रडलीस, इतकी रडलीस, की—"

"त्या दिवशी तर तुमची पाळी तीन ते अकरा होती ना?"

मॉमनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "घेवडा घे गं. निवतोय."

एमरी उठली आणि बैठकीत गेली. गालिच्यावर गुडघे टेकून ती अंगठा फिरवू लागली. लहानपणी ती ज्या गुळगुळीत रेघेवरून गाड्या पळवायची, ती रेघ थेट सोफ्याखाली जात होती. तो सोफा या घरात कधीच हलला नव्हता.

"एमरी, तिथं धूळ आहे!" मॉमचा आवाज चिरकला. "राहू दे, बाळा!"

ती फोनचा दिवा लावून पोटावर आत सरकली. गालिच्याचा काठ उलटल्याचा आवाज आला.

बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना जळमटं होती. डॅडी दारात उभे होते. त्यांनी काय सापडलं ते विचारलं नाही.

"मी ठरवलंय," एमरी म्हणाली. "उद्या चर्चनंतर मिस्टर हॉइट आपल्याकडे जेवायला येतील. त्याआधी हा सोफा अंगणात जाईल. त्यांना त्यांचा मासा दाखवायचाय, आणि रेघ त्याच्या तोंडापुढे दोन हातांवर, तुमच्या पाळीत सुरू होते, तेही."