मस्कतचा डबा

सुनंदाने डबा कानाशी नेऊन हलवला. खुळखुळ आवाज आला. गोळ्या जागच्या जागी होत्या.

धाकट्या दिराने, महिपतीने, मस्कतहून टॉफीचा हा डबा आणला आणि त्याच आठवड्यात पाच वर्षांच्या अंजनीच्या दोन दाढा किडलेल्या निघाल्या. जवळच्या कॅम्प तीन वस्तीतल्या दातांच्या डॉक्टरांनी बजावलं, "गोड एकदम बंद. तीन महिन्यांनी कीड वाढलेली दिसली, तर दाढा काढाव्या लागतील."

तेव्हापासून विठ्ठलवाडीच्या त्या खोलीत साखरेवर संचारबंदी होती. क्रीमची बिस्किटं बंद, जॅम बंद, सरबताची पावडर बंद. नवऱ्याने, जयदेवने, चहात दुसरा चमचा घातला तरी सुनंदा डोळे वटारायची. डबा मात्र तिने मांडणीवर जपून ठेवला. दात नीट राहिले तर पहिली टॉफी खुद्द डॉक्टरांच्या हातून, असं तिने लेकीला कबूल केलं होतं.

महिन्याभरात डब्याभोवती मुंग्या दिसल्या. सुनंदाचं डोकं फिरलं.

"अंजे, डब्याला हात लावलास?"

"नाय गं! उलट माझेच चिंचोके कोणीतरी घेतले."

"विषय बदलू नको."

डबा तिथल्या तिथे पत्र्याच्या पेटीत गेला. पेटीला कुलूप लागलं, किल्ली सुनंदाच्या कमरेला. रोज संध्याकाळी ती डबा काढून हलवायची, आवाज ऐकायची आणि परत ठेवायची.

त्यात सासूबाईंचं, गयाबाईंचं, निराळंच सुरू झालं. चूळ भरताना त्यांची कवळी म्हणे गटारात पडली. दोन्ही वेळा खिमट शिजवून सुनंदाचे हात दुखायला लागले. वर रोजची भुणभुण.

"किल्ली दे गं जरा, पेटीतली शाल काढते."

"एवढ्या उकाड्यात शाल? बसा, मी देते काढून."

दुसऱ्या दिवशी गयाबाईंना ती शाल स्वतःच्या हाताने पेटीत परत ठेवायची होती.

तपासणीच्या दिवशी तिघी रिक्षाने दवाखान्यात गेल्या. गयाबाईंच्या नव्या कवळीचं मापही द्यायचं होतं. डॉक्टरांनी बॅटरी मारून अंजनीचं तोंड नीट पाहिलं.

"क्या बात है! कीड बिलकुल वाढली नाही. मम्मीला शाबासकी!"

सुनंदाचा ऊर भरून आला. एवढ्याशा पोरीने तीन महिने दम धरला, आणि आपण तिच्यावर उगाच संशय घेतला, याची तिला लाज वाटली. तिने पिशवीतून डबा काढला.

"घरी उघडू," गयाबाई तोंडावर पदर धरून बोबडं बोलल्या. "दवाखान्यात कोणी गोड वाटतं का?"

"पोरीला शब्द दिलाय, आई. डॉक्टर, तुमच्या हाताने द्या."

डॉक्टरांनी झाकण काढलं. आत चिंचोके होते, आणि चिंचोक्यांवर गयाबाईंची कवळी, मस्कतची टॉफी दातांत घट्ट धरून.