सावलीतला आकडा

सकाळपासून दोघा साडूंमध्ये फक्त आकड्यांपुरती बोलाचाल होती. रिसीव्हर घेऊन रस्त्यावरून चालणारा धाकटा वॉकीटॉकीत "दीड मीटर" म्हणायचा आणि रस्त्याच्या टोकाला मशीनवर बसलेला थोरला नुसतं "हं" करून पुढचा रॉड जमिनीत ढकलायचा. त्या "हं"मध्ये तरी थोडा ओलावा असावा की नाही? तोही नव्हता. या अबोल्याला आज अकरावा दिवस होता.

रस्ता न फोडता त्याच्या पोटातून नवी नळी दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यापर्यंत न्यायची, हे दोघांचं काम. रॉडच्या टोकाला हेड असतं. ते खाली माती कापत सरकतं आणि त्यातून वर रिसीव्हरला सिग्नल येतात. ते वाचून धाकटा हेडची खोली सांगणार, थोरला हेड वळवणार. चौदा वर्षं असंच चाललं होतं.

मागच्या कामाला मात्र माशी शिंकली. हेड ठरलेल्या खड्ड्यात न निघता चार पावलं अलीकडे, एका आजींच्या फुलझाडांतून वर आलं. थोरला म्हणाला, आकडाच चुकीचा दिलास. धाकटा म्हणाला, तुम्हीच हेड आधी उचललंत. सगळ्यांसमोर एकमेकांवर खापर फोडून झालं आणि मग दोघंही फुगून बसले. आज सकाळी सुपरवायझरने स्वच्छ सांगितलं, हेड खड्ड्यात निघालं नाही तर उद्यापासून दोघं वेगवेगळ्या मशीनवर.

घरी दोघी बहिणींनी तर हातच टेकले होते. आज त्यांनी एक डाव टाकला. धाकटीने नवऱ्याच्या पिशवीत चहाचा थर्मास ठेवला, आणि कप गेले थोरलीच्या नवऱ्याकडे. बघू या कसे पितात ते, म्हणाल्या.

धाकट्याचं लक्ष आज चहात नव्हतं. सकाळी रिसीव्हर लावताना जे झालं, ते डोक्यातून जात नव्हतं. काम सुरू करण्याआधी हेड जमिनीवर ठेवायचं, टेपने तीन मीटर मोजायचे आणि तेवढ्या अंतरावर रिसीव्हर लावून घ्यायचा, म्हणजे त्याचा आकडा टेपशी जुळवायचा, हा रोजचा रिवाज. आजही ऊन चढलं होतं म्हणून तो सवयीने मशीनच्या सावलीत बसला आणि लावून मोकळा झाला. इतक्यात रॉडचा ट्रक मागे घ्यायचा म्हणून त्याला तिथून उठवलं. उन्हात जाऊन त्याने पुन्हा टेप धरला, तर तेवढ्याच अंतराला रिसीव्हर वेगळाच आकडा दाखवायला लागला.

त्याने कपाळावर हात मारला. एवढ्या मोठ्या लोखंडाजवळ रिसीव्हर थापा मारतो, हे त्यानेच आजवर किती नव्या लोकांना घोकून घोकून शिकवलं होतं. आणि फुलझाडांच्या दिवशीही तो सावलीतच बसला होता. म्हणजे चूक साडूभाऊंची नव्हतीच. त्याने रिसीव्हर उन्हात नव्याने लावला, दोनदा तपासला आणि मूग गिळून कामाला लागला.

अर्ध्या रस्त्यात जुनी मोठी पाण्याची लाईन आडवी होती, सव्वा मीटरवर. तिच्या खालून जायचं होतं. ती फुटली असती तर अख्ख्या वस्तीचं पाणी गेलं असतं.

"एक मीटर नव्वद," धाकटा म्हणाला.

"हं" आलं नाही. मशीन थांबलं. मग थोरल्याचा आवाज आला, अकरा दिवसांतलं पहिलं अख्खं वाक्य.

"माझ्या हाताला हेड वर वाटतंय. तुझ्या आकड्यावर मी पुढे जात नाही."

सुपरवायझर खड्ड्यापाशी उभा होता. त्याच्याही हातात वॉकीटॉकी होता, त्यामुळे त्याने सगळं ऐकलं. आता गप्प राहिलं तर काम थांबणार, उद्या दुसरा माणूस येणार आणि चौदा वर्षांची जोडी फुटणार. धाकट्याला मनापासून वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. त्याने बटण दाबलं.

"साडूभाऊ, मागच्या वेळी चूक माझी होती. रिसीव्हर मशीनच्या सावलीत बसून लावला होता. आज उन्हात लावलाय. आकडा खरा आहे."

सुपरवायझरने धाकट्याकडे एकदा पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मग पलीकडे इंजिन घरघरलं.

"हं," थोरला म्हणाला. "पुढचा आकडा बोल."

तासाभराने हेड खड्ड्याच्या बरोबर मधोमध निघालं, चिखलाने माखलेलं. धाकट्याचा जीव भांड्यात पडला. सुपरवायझर जाता जाता म्हणाला, उद्या दोघांनी वेळेवर या, एकाच मशीनवर.

थोरला मशीन बंद करून रस्ताभर चालत आला. वाकून त्याने हेड पाहिलं, त्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि पिशवीतून दोन कप काढले. धाकट्याने थर्मास उचलला आणि तो ट्रकच्या सावलीत टेकायला निघाला.

थोरल्याने त्याची बाही धरून मागे ओढलं.

"तिथे नको," तो म्हणाला. "झाडाच्या सावलीत बस."